प्रवाळ, चिखल आणि पोलाद

७ जानेवारी १९४२ची पहाट. मलायातल्या त्रोलाक गावाजवळ ४/१९ हैदराबाद रेजिमेंटचे जवान रस्त्याच्या दोन्ही अंगांना दबा धरून बसले होते. महिनाभर माघार चालू होती आणि धड झोप कुणालाच मिळालेली नव्हती. साडेतीनच्या सुमाराला चांदण्यात रस्त्यावरून घरघर ऐकू आली. मेजर शिमादा यांचे जपानी रणगाडे एकामागून एक येत होते. वाटेत टाकलेले अडथळे बरोबरच्या सैनिकांनी भराभर हटवले आणि रणगाडे हैदराबाद रेजिमेंटच्या मोर्चातून आरपार निघून गेले. पुढे ५/२ पंजाबच्या जवानांनी काही काळ त्यांना रोखून धरलं, तेव्हा वापरात नसलेल्या जुन्या रस्त्याच्या वळणावरून त्यांनी बगल दिली. ५/१४ पंजाबची पलटण तर रस्त्याने कूच करत असतानाच त्यांच्या मशीनगनांच्या तावडीत सापडली. पाठीमागे गुरख्यांचीही तीच गत झाली. स्लिम नदीवरचा पूल उडवून देण्यासाठी लावलेल्या स्फोटकांच्या तारा लेफ्टनंट वातानाबे यांनी तलवारीने तोडल्या. ही धाड सुमारे तीस किलोमीटर आत गेल्यावर एका ब्रिटिश हॉवित्झर तोफेने अगदी जवळून मारा केला, तेव्हा कुठे ती थांबली. तोवर अकराव्या भारतीय डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड मोडल्या होत्या. चार दिवसांनी क्वालालंपूर पडलं.

संपूर्ण मलायात ब्रिटिशांचा एकही रणगाडा नव्हता. जंगलाच्या मुलखात रणगाड्याचा उपयोग नाही, असं तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि जे रणगाडे हाताशी होते ते आफ्रिका आणि रशियाकडे जात होते. जपान्यांनी जंगलात रणगाडा घातलाच नाही. रबराच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनीच बांधलेले उत्तम डांबरी रस्ते त्यांनी वापरले. आपल्या जवानांपैकी बहुतेकांनी तोवर रणगाडा पाहिलेलाही नव्हता. ज्याच्याविरुद्ध लढायचं ती वस्तू प्रशिक्षणातसुद्धा न दाखवता माणसांना तिच्यासमोर उभं करणं हा मोठा अन्याय होता, आणि स्लिम नदीचा पराभव सांगताना तो आधी सांगितला पाहिजे.

त्या पहाटेच्या रणगाड्यांत मुख्यतः ‘टाइप ९७ चि-हा’ होते आणि सोबत थोडे ‘टाइप ९५ हा-गो’. चि-हाचं वजन पंधरा टनांच्या आसपास, पुढचं चिलखत जेमतेम २५ मिलिमीटर. हा-गो साडेसात टनांचा, त्याचा पत्रा जास्तीत जास्त १२ मिलिमीटर. युरोपातल्या त्या काळच्या रणभूमीवर ही यंत्रं तासभरही टिकली नसती. मलायात त्यांनी एक डिव्हिजन मोडली. अडीच वर्षांनी सायपान बेटावर हेच रणगाडे एका रात्रीत जळून गेले. रणगाड्याचं मोल त्याच्या पत्र्याइतकंच समोर कोण आहे, पायाखाली कसली जमीन आहे आणि शेजारी पायदळ चालतं आहे की नाही यावर ठरतं. पॅसिफिकमधल्या बेटांनी हे जितकं स्पष्ट दाखवलं, तितकं युरोपातल्या मैदानांनी दाखवलं नाही.

रणगाडा जन्मला तो चिखल आणि काटेरी तारा ओलांडायला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, फ्लेर्स गावाजवळ ब्रिटिशांनी ‘मार्क १’ पहिल्यांदा आणले. माणसाच्या चालीने सरकणारे, आत गुदमरवून टाकणारे, वाटेतच बंद पडणारे. सुमारे पन्नास निघाले होते, हल्ल्याच्या रेषेपर्यंत त्यांतले तीसेक पोचले. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या रेनो कंपनीने केवळ दोन माणसांचा, साडेसहा टनांचा छोटा रणगाडा केला. इंजिन मागे, चालक पुढे, आणि वर चहूकडे फिरणारं टरेट. आजचा रणगाडाही याच मांडणीचा असतो.

जपानने पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आणि फ्रेंच रणगाडे विकत घेऊन त्यांचा अभ्यास केला आणि १९२७ साली ओसाकाच्या शस्त्रागारात स्वतःचा पहिला रणगाडा बांधला. मग आला ‘टाइप ८९’. त्याच्या पुढच्या आवृत्तीत हवेने थंड होणारं डिझेल इंजिन बसवलं. मंचुरियाच्या थंडीत पाणी गोठतं आणि पेट्रोल चटकन पेट घेतं, म्हणून हा मार्ग. त्या काळात ही मोठी पुढची उडी होती. मात्र जपानी अभियंत्यांच्या हातापायांत दोन बेड्या होत्या. देशातलं बरंचसं पोलाद नौदल आणि विमानं खेचून घेत. शिवाय रणगाडा जहाजावर चढवून समुद्रापार उतरवायचा, तर त्याचं वजन बंदरातल्या यारीला आणि उतरणीच्या होडीला पेलणारं हवं. चीनमध्ये समोर रणगाडाविरोधी तोफा फारशा नसल्यामुळे हलका रणगाडा पुरत होता. म्हणून हलकाच बांधला गेला.

इशारा १९३९ साली मिळाला. मंगोलियाच्या सीमेवर नोमोनहान भागात, खाल्खिन गोल नदीच्या काठी, जपानी रणगाड्यांची गाठ जनरल झुकोव्ह यांच्या सोव्हिएत फौजेशी पडली. जुलैच्या सुरुवातीला ७३ जपानी रणगाडे हल्ल्यात उतरले. सोव्हिएत ४५ मिलिमीटर तोफांनी त्यांचे पत्रे दुरूनच फोडले. गवतात पसरलेल्या बारीक पोलादी तारांच्या वेटोळ्यांत पट्टे अडकून कित्येक जागच्या जागी थिजले. काही दिवसांत निम्म्याहून जास्त निकामी झाले आणि उरलेले सेनापतींनी मागे नेले. या अनुभवातून चि-हासाठी नवी ४७ मिलिमीटरची तोफ आली. चिलखत मात्र पातळच राहिलं. दोनच वर्षांत मलायात जो झटपट विजय मिळाला, त्याने नोमोनहानची आठवण पुसून टाकली, असं मला वाटतं. विजयानंतर सैन्यं आपली यंत्रं तपासत नाहीत.

फिलिपिन्समध्ये २२ डिसेंबर १९४१ रोजी, लुझोन बेटावरच्या दामोर्तिसजवळ, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन रणगाड्यांची पहिली चकमक झाली. अमेरिकेचे ‘स्टुअर्ट’ एका बाजूला, जपानचे हा-गो दुसऱ्या बाजूला. स्टुअर्टही हलकाच, पण त्याचा पत्रा हा-गोपेक्षा दुपटीहून जाड. तरी त्या दिवशी सरशी जपान्यांची झाली, कारण त्यांची रणगाडाविरोधी तोफ आणि रणगाडे एकमेकांना धरून लढले. एप्रिल १९४२ मध्ये बाताआन पडलं आणि अमेरिकन रणगाडेस्वारांना आपली यंत्रं स्वतःच मोडून शरण जावं लागलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू गिनीच्या पूर्व टोकाला, मिल्न बे इथे, जपानी नौदलाची तुकडी दोन हा-गो घेऊन उतरली. रात्री प्रखर दिवे लावून ते माडांच्या बागांतून पुढे आले. दिव्यांनी ऑस्ट्रेलियन सैनिकांचे डोळे दिपले, आणि त्यांनी फेकलेले चिकटबॉम्ब दमट हवेने खराब होऊन फुटेनात. एक पूर्ण पलटण मागे हटली. दोन दिवसांनी ते दोन्ही रणगाडे चिखलात रुतलेले, रिकामे सापडले. तिथला पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळतो, आणि साडेसात टनांचं यंत्रही त्या लाल चिखलातून निघेना. पुढे जपानी तिथून माघारी गेले.

त्या भागात रणगाडा खऱ्या अर्थाने कामाला आला तो डिसेंबर १९४२ मध्ये, बुना इथे. जपान्यांनी माडाच्या ओंडक्यांचे, मातीने झाकलेले, जमिनीला टेकलेले मोर्चे बांधले होते. माडाचं लाकूड चिवट असतं. गोळी त्यात शिरते आणि तिथेच राहते, तोफगोळ्यानेही ते फुटून उडत नाही. मलेरियाने पोखरलेले अमेरिकन सैनिक दिवसेंदिवस त्यांच्यासमोर मरत होते. ५ डिसेंबरला पाच ब्रेन कॅरियर पुढे पाठवले. वरून उघड्या, पातळ पत्र्याच्या या गाड्या अर्ध्या तासात सगळ्याच्या सगळ्या निकामी झाल्या. झाडांवर बसलेल्या नेमबाजांनी वरून गोळ्या घातल्या. मग होड्यांतून ऑस्ट्रेलियन स्टुअर्ट आणले गेले आणि १८ डिसेंबरला सात रणगाडे २/९ बटालियनबरोबर माडांच्या बागेत शिरले.

वेगाने धाड घालण्यासाठी केलेला रणगाडा इथं माणसाच्या चालीने, झाडांच्या बुंध्यांतून वाट काढत होता. चालकाला बारीक फटीतून जेमतेम काही पावलं दिसत. जपानी मोर्चा दहा हातांवर असला तरी आतून कळत नसे. पायदळाचा शिपाई गोळीबारातून धावत येऊन रणगाड्यावर चढे आणि मोर्चा कुठे आहे ते ओरडून सांगे. मग तोफ त्या मोर्चाच्या झरोक्यात थेट गोळा टाकी आणि शिपाई आत हातबॉम्ब फेकत. त्या एका दिवसात बटालियनचा सुमारे तिसरा हिस्सा मारला गेला किंवा जखमी झाला, पण आठवडे अडलेली फळी फुटली. जेव्हा रणगाडे पायदळापासून सुटले तेव्हा काय होतं, तेही लगेच दिसलं. नाताळच्या आदल्या दिवशी विमानपट्टीजवळ लपवलेल्या एका विमानविरोधी तोफेने चार स्टुअर्ट पाठोपाठ फोडले.

यातून ऑस्ट्रेलियन लष्कराने जो निष्कर्ष काढला, तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यांनी ब्रिटनमध्ये तयार झालेला ‘माटिल्डा’ निवडला. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात १९४२ पर्यंत तो कालबाह्य ठरला होता: फार हळू, तोफ लहान. पण त्याचं पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर होतं आणि तो मुळातच पायदळाबरोबर चालण्यासाठी केलेला होता. जंगलात वेगाला विचारतं कोण? जपान्यांच्या ३७ मिलिमीटर तोफेचे गोळे त्याच्यावर आदळून खाली पडत. न्यू गिनीतल्या सॅटेलबर्गच्या चढणीवर, बोगनव्हिलमध्ये आणि युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत बोर्निओतल्या तारकान आणि बालिकपापानला माटिल्डाच पुढे होता. आफ्रिकेत निवृत्त झालेला रणगाडा इथे १९४५ पर्यंत लढत राहिला.

बेटांच्या लढाईत मात्र रणगाडा किनाऱ्यावर पोचवणं हेच पहिलं संकट होतं. तारावाचं नाव म्हणूनच कुठल्याही अमेरिकन मरीनच्या तोंडी वेगळ्या सुरात येतं.

तारावा हे मध्य पॅसिफिकमधलं प्रवाळांचं कंकण. त्यातलं बेतिओ बेट तीन-एक किलोमीटर लांब आणि सर्वांत रुंद ठिकाणीही आठशे मीटरांपेक्षा कमी. एवढ्याशा जागेत रिअर अॅडमिरल शिबाझाकी यांनी कोरियन मजुरांसह साडेचार हजारांहून जास्त माणसं आणि माडाचे ओंडके, काँक्रीट व वाळू यांचे शेकडो मोर्चे बसवले होते. बेटाभोवती प्रवाळाचा सपाट कठडा पसरलेला. २० नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकन दुसरी मरीन डिव्हिजन उतरली, तेव्हा समुद्राला भांग होती. भांगेच्या दिवसांत भरती किती बेताची चढते हे आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना सांगावं लागत नाही. अमेरिकन आराखडा करणाऱ्यांनी धोका ओळखला होता, तरी पाणी पुरेल अशी आशा धरली. पाणी चढलंच नाही. सैनिकांच्या होड्या कठड्याला टेकून थांबल्या आणि माणसांना छातीभर पाण्यातून, मशीनगनांच्या समोर, पाचेकशे मीटर चालत जावं लागलं.

कठडा ओलांडू शकत होती ती एकच गोष्ट: पट्ट्यांवर चालणारी पाणगाडी, म्हणजे ‘अॅम्ट्रॅक’. तिचा जन्म शांततेच्या कामासाठी झाला होता. चक्रीवादळानंतर फ्लोरिडाच्या दलदलीत अडकलेल्या माणसांना बाहेर काढता यावं म्हणून डोनाल्ड रोबलिंग या अभियंत्याने १९३०च्या दशकात ‘अॅलिगेटर’ नावाची गाडी बांधली. तिच्यावरचा एक सचित्र लेख मरीन अधिकाऱ्यांच्या वाचनात आला. तारावाला अशा १२५ गाड्या होत्या. पहिल्या लाटा त्यांनीच किनाऱ्यावर नेल्या, आणि तीन दिवसांत त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त नष्ट झाल्या.

त्याच दिवशी मरीन दलाने ‘शर्मन’ रणगाडा पहिल्यांदा लढाईत आणला. एकूण चौदा. तीस टनांचं धूड, ७५ मिलिमीटरची तोफ, जोडडिझेल इंजिन. नौदलाकडे डिझेल भरपूर असल्यामुळे मरीनांनी तोच प्रकार घेतला होता. कठड्याच्या कडेला होड्यांनी त्यांना पाण्यात सोडलं. तळाशी जहाजांच्या तोफांनी पाडलेले खड्डे होते आणि पाण्याखाली ते दिसत नव्हते. म्हणून काही सैनिक रणगाड्यांच्या पुढे पाण्यातून चालत गेले. खड्डा लागला की तिथे तरंगती खूण सोडायची आणि पुढे जायचं. गोळीबार त्यांच्यावरही चालू होता आणि त्यांतले अनेक परतले नाहीत. पाण्यातून समोर चालणाऱ्या त्या माणसांइतकं धैर्य मला या युद्धाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी दिसलं आहे.

पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर पोचलेल्या शर्मनना समोर वाळूत आपलेच मेलेले आणि जखमी सैनिक पसरलेले दिसले. सरळ पुढे जायचं तर त्यांच्यावरून जावं लागलं असतं. रणगाडेस्वार मागे वळले, पुन्हा पाण्यात उतरले आणि वळसा घालून दुसऱ्या वाटेने निघाले. त्या वळशात चार शर्मन खड्ड्यांत बुडाले. लष्करी हिशेबात हा निर्णय महागात पडला. तरीही तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

बेटावर पोचलेल्यांपैकी एकाच्या तोफेच्या नळीतच हा-गोचा गोळा घुसला. दिवस संपता संपता लढण्याजोगे शर्मन बोटांवर मोजण्याइतके उरले, तरी त्या मोजक्यांनी फरक पाडला. मोर्चाच्या झरोक्यात जवळून ७५ मिलिमीटरचा गोळा टाकणं दुसऱ्या कशालाही जमत नव्हतं. ७६ तासांनी बेट पडलं. एक हजाराहून जास्त अमेरिकन मेले. जपानी फौजेतले केवळ १७ सैनिक आणि १२९ कोरियन मजूर जिवंत हाती लागले.

तारावानंतर बरंच बदललं. रणगाडे कठड्यावर सोडण्याआधी पाण्याची खोली मोजणारी पथकं आली. खोल पाण्यातून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून धुराड्यासारखे उंच नळ बसवले जाऊ लागले. रणगाड्याच्या पाठीवर टेलिफोनची पेटी लागली. बुनात जो शिपाई वर चढून ओरडत होता, तो आता रणगाड्याच्या आडोशाला उभा राहून आतल्या माणसाशी बोलू शकत होता. एवढ्या साध्या सुधारणेने किती जीव वाचले असतील!

जपान्यांनीही उपाय शोधले. त्यांच्याकडे लोहचुंबकाने पत्र्याला चिकटणारा सुरुंग होता, म्हणून मरीनांनी शर्मनच्या बाजूंना लाकडी फळ्या ठोकल्या. झाकणावर स्फोटकं ठेवता येऊ नयेत म्हणून त्यावर खिळे आणि जाळ्या बसवल्या. युद्धाच्या उत्तरार्धात जपान्यांनी लांब काठीच्या टोकाला सुरुंग बांधून सैनिकांच्या हाती दिला. तो रणगाड्यावर भोसकायचा, आणि भोसकणारा त्याच स्फोटात मरायचा. ब्रह्मदेशात मेक्तिलाच्या परिसरात तर विमानाचा बॉम्ब मांडीत धरून, हातात दगड घेऊन खड्ड्यात बसलेले सैनिक भारतीय फौजेला सापडले. वरून रणगाडा गेला की दगड हाणायचा. चांगला रणगाडा आणि चांगली तोफ देता आली नाही म्हणून राज्यकर्त्यांनी त्याच्या जागी माणूस ठेवला. त्या सैनिकांच्या शौर्याला नमस्कार करतानाच हा हिशेब मांडणाऱ्यांचा मला राग येतो.

सायपानला १५ जून १९४४ रोजी अमेरिकन उतरले. पुढची रात्र उलटून पहाट होण्याआधी जपानच्या नवव्या टँक रेजिमेंटने, कर्नल गोतो यांच्या नेतृत्वाखाली, चाळीसच्या आसपास रणगाड्यांचा हल्ला चढवला. पॅसिफिक युद्धातला हा जपानचा सर्वांत मोठा रणगाडा-हल्ला. स्लिम नदीला जो डाव साधला, तोच पुन्हा टाकला: अंधार, अचानकपणा, रणगाड्यांवर बसलेलं पायदळ. पण मरीनांनी इंजिनांची घरघर आधीच ऐकली होती. जहाजांनी आकाशात प्रकाशगोळे सोडले आणि रात्रीचा दिवस झाला. बझूका, ३७ मिलिमीटर तोफा आणि शर्मन यांनी उजाडेपर्यंत तीसच्या आसपास रणगाडे फोडले. गोतो मारले गेले. पत्रा तोच होता, चालकही कुशल होते. समोर या वेळी जागं, सज्ज आणि प्रशिक्षित पायदळ होतं.

कारखान्यांचं पारडं तर आधीच झुकलं होतं. हा-गो आणि चि-हा मिळून जपानने संपूर्ण काळात साडेचार हजारही बांधले नाहीत. अमेरिकेने एकट्या शर्मनचीच संख्या ४९,०००च्या आसपास नेली.

इवो जिमा बेटावरच्या जपानी सव्विसाव्या टँक रेजिमेंटचे प्रमुख होते बॅरन ताकेइची निशी. घोडदळातला अधिकारी. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ‘युरेनस’ या घोड्यावर त्यांनी अडथळा-उड्यांचं सुवर्णपदक जिंकलं, आणि ज्या शहराने त्यांना डोक्यावर घेतलं, त्याच्याच देशाच्या फौजेशी तेरा वर्षांनी ते लढले. जुलै १९४४ मध्ये त्यांच्या रेजिमेंटला घेऊन येणारं ‘निश्शू मारू’ जहाज अमेरिकन पाणबुडीने बुडवलं आणि २८ रणगाडे समुद्रतळाशी गेले. निशी तोक्योला जाऊन झगडले आणि बावीस नवे मिळवून परत आले. स्वाराच्या स्वभावाप्रमाणे त्यांना ते फिरते ठेवायचे होते, जिथे फळी फुटेल तिथे धावून जाण्यासाठी. इवो जिमाच्या घळी आणि ज्वालामुखीच्या राखेत ते शक्य नव्हतं. अखेर रणगाडे टरेटपर्यंत जमिनीत पुरून त्यांच्या नुसत्या तोफा केल्या. मार्च १९४५ मध्ये निशी तिथेच मारले गेले.

त्या काळ्या राखेत शर्मनही फसत होते. वाळूच्या पायऱ्या चढताना पट्टे जागीच फिरत, खाली सुरुंग असत. वर आल्यावर त्यांच्यासमोर उघडे मोर्चे नव्हतेच. सेनापती कुरिबायाशींनी सारी फौज भुयारांत नेली होती, आणि तोफेचा गोळा भुयाराचं वळण घेत नाही. इथे आला ज्वालाफेकी रणगाडा. हवाईत तोफेच्या जागी जळतं इंधन फेकणारी नळी बसवलेले आठ शर्मन इवो जिमावर होते. शंभर मीटरच्या पुढेही त्यांची ज्वाळा जाई. मरीन रांगा लावून त्यांची वाट पाहत. ओकिनावाला तर ७१३ क्रमांकाची पूर्ण बटालियनच अशा रणगाड्यांची होती, आणि डोंगरावर लांब रबरी नळी नेऊन त्यांचं इंधन माथ्यावरूनही फवारलं गेलं.

याच ओकिनावात, १९ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकन लष्कराने बुनाचा धडा विसरल्याची किंमत मोजली. काकाझू टेकडीला वळसा घालून सुमारे तीस रणगाडे पुढे गेले. जपान्यांनी मशीनगनांच्या माऱ्याने मागचं पायदळ तोडून ठेवलं, तसं त्यांनी मुद्दाम ठरवलंच होतं. एकट्या पडलेल्या रणगाड्यांनी काकाझू गाव उद्ध्वस्त केलं, पण ४७ मिलिमीटर तोफा, सुरुंग आणि स्फोटकांच्या पिशव्या घेऊन धावून येणारे सैनिक यांनी त्यांना एकेक करून गाठलं. परत आले आठ. बावीस तिथेच राहिले.

ओकिनावाच्या गुहांत सैनिकांबरोबर गावकरीही होते: बायका, मुलं, म्हातारे. गुहेच्या तोंडाशी ज्वाळा सोडणाऱ्याला आत कोण आहे हे दिसत नव्हतं, आणि आतल्यांना बाहेर पडू नका असं जपानी सैन्याने बजावलेलं होतं. त्या लढाईत सामान्य नागरिकांचे मृत्यू लाखाच्या आसपास गेले. रणगाड्यांचा इतिहास लिहिताना पत्र्याची जाडी आणि तोफांचे व्यास मोजण्यात रमून जाणं सोपं असतं. मीही त्यात रमतो, पण या गुहांपाशी ते आकडे बाजूला ठेवावे लागतात.

जपानच्या भूमीवर शेवटच्या लढाईची तयारी चालू असताना तोक्योच्या उत्तरेला तोचिगी इथे बावीस वर्षांचा एक रणगाडा-अधिकारी तैनात होता. हाच पुढे जपानचा अतिशय वाचकप्रिय ऐतिहासिक कादंबरीकार रयोतारो शिबा झाला. त्यांनी लिहून ठेवलं आहे की, शत्रू किनाऱ्यावर उतरला आणि आम्ही तिकडे निघालो, तर रस्ते तोक्योतून पळणाऱ्या लोकांनी भरलेले असतील, तेव्हा काय करायचं, असा प्रश्न मुख्यालयातून आलेल्या अधिकाऱ्याला विचारला गेला. उत्तर मिळालं, चिरडून पुढे जा. तारावाला आपल्या जखमींना टाळण्यासाठी वळलेले चार शर्मन इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. शिबा पुढे आयुष्यभर इतिहास लिहीत राहिले, आणि आपलं लेखन म्हणजे त्या बावीस वर्षांच्या स्वतःला पाठवलेली पत्रं आहेत असं सांगत राहिले.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या सम्राटाने शरणागती जाहीर केली. तीन दिवसांनी, उत्तरेकडच्या कुरिल बेटांपैकी शुमशूवर सोव्हिएत फौज उतरली. तिथली अकरावी टँक रेजिमेंट कर्नल इकेदा यांच्या नेतृत्वाखाली धुक्यातून त्यांच्यावर चालून गेली. किनाऱ्यावर सोव्हिएत सैनिकांकडे जड तोफा अजून उतरल्या नव्हत्या. रणगाडाविरोधी रायफली आणि हातबॉम्ब यांवर त्यांनी वीसच्या आसपास जपानी रणगाडे निकामी केले. इकेदा आपल्या रणगाड्यात मारले गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांच्या शेवटच्या लढायांपैकी ही एक, आणि ती युद्ध थांबल्याची घोषणा झाल्यावर लढली गेली.

हे सारं कागदावर वाचण्यापेक्षा डोळ्यांनी पाहण्याची सोय महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगरला, म्हणजे कालपर्यंतच्या नगरला, लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उभं आहे. तिथे जपानी हा-गो आहे, चि-हा आहे आणि माटिल्डाही आहे. शिर्डीला किंवा संभाजीनगरला जाताना आपण नगरवरून शंभरदा जातो. एकदा मुलांना घेऊन तिथे थांबा. आधी हा-गोपाशी उभे राहा, त्याचा पत्रा किती पातळ आहे आणि आतली जागा किती अपुरी आहे ते नीट बघा. मग माटिल्डाकडे जा. आणि या यंत्रांच्या आत व त्यांच्या समोर कोण होते, हे मुलांना सांगायला विसरू नका.